गेलेन

(१२९–सु. २१६). प्राचीन ग्रीक वैद्य, शरीररचनाशास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक. हिपॉक्राटीझ यांच्यानंतर पाश्चात्त्य वैद्यकावर सर्वाधिक प्रभाव पाडणारे ग्रंथकार म्हणून त्यांची गणना होते. अलेक्झांड्रिया, बगदाद, कैरो, पॅरिस, लंडन अशा दूरदूरच्या विद्याकेंद्रांत शेकडो वर्षे वैद्यकाचे अध्यापन त्यांच्या ग्रंथांच्या आधारे चालले. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व हाताने पडताळल्याशिवाय पूर्वसूरींचे मत स्वीकारू नये, हा त्यांचा स्वतःचा आग्रह होता. तथापि उत्तरकाळात त्यांचीच मते प्रमाण ठरली आणि पडताळणीची त्यांची पद्धती मागे पडली. ज्यांनी पुढे त्यांच्या चुका दाखवून दिल्या, त्यांनी बहुधा त्यांचीच पद्धती वापरली होती. गेलेन यांचे जीवन व कार्य समजून घेताना ही दुहेरी परंपरा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जीवन : गेलेन यांचा जन्म आशिया मायनरमधील पर्गामम (सध्याचे तुर्कस्तानातील बर्गामा) येथे झाला. जुन्या ग्रंथांत त्यांच्या नावामागे छापले जाणारे ‘क्लॉडियस’ हे नाव प्राचीन साधनांत आढळत नाही. ते प्रबोधनकाळात रूढ झाले. त्यांचे वडील नायकॉन हे वास्तुशिल्पी असून गणित व ज्योतिषशास्त्र यांचे जाणकार होते. मुलाच्या शिक्षणावर त्यांनी स्वतः लक्ष ठेवले. कोणत्याही एका तत्त्वज्ञानपंथाचे अनुयायित्व न पत्करता सर्वांची मते तपासून पाहावीत, अशी त्यांची शिकवण होती. भूमितीतील सिद्धतेसारखी निश्चिती वैद्यकातही यावी, या गेलेन यांच्या आयुष्यभराच्या ध्यासाचे मूळ या संस्कारांत सापडते. आपले वडील शांत व न्यायी, तर आई इतकी कोपिष्ट की प्रसंगी दासींना चावे घेई, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

पर्गामम येथे अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचे प्रसिद्ध क्षेत्र होते. दूरदूरचे रुग्ण तेथे येत, मंदिराच्या आवारात निद्रा घेत व स्वप्नात मिळालेल्या आदेशानुसार उपचार करून घेत. मुलाने वैद्यक शिकावे असा दृष्टांत नायकॉन यांना स्वप्नातच झाला, असे गेलेन सांगतात. सोळाव्या वर्षी त्यांनी वैद्यकाच्या अध्ययनास प्रारंभ केला. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी स्मर्ना येथे पेलॉप्स यांच्याजवळ अध्ययन केले व पुढे कॉरिंथमार्गे ते अलेक्झांड्रियास गेले. मानवी अस्थींचे प्रत्यक्ष दर्शन घडवून शिकविण्याची प्रथा अलेक्झांड्रियात टिकून होती; केवळ तेवढ्यासाठीही विद्यार्थ्याने तेथे जावे, असा सल्ला त्यांनी नंतरच्या लेखनात दिला.

इ. स. १५७ मध्ये ते पर्गामम येथे परतले व तेथील ग्लॅडिएटरांचे (आखाड्यात सशस्त्र झुंजणाऱ्या योद्ध्यांचे) वैद्य झाले. खोल जखमा, तुटलेले स्नायू व उघडे पडलेले अवयव यांचे दर्शन त्यांना येथे नित्य घडले. मानवी शवविच्छेदन निषिद्ध असलेल्या काळात ही संधी दुर्मिळ होती. मद्यात भिजविलेल्या कापडाच्या घड्या जखमेवर ठेवून ती सतत ओली राखण्याचा उपचार ते करीत. आपल्या कारकीर्दीत योद्ध्यांच्या मृत्यूंचे प्रमाण पूर्वीपेक्षा फार घटले, असे त्यांनी नमूद केले आहे.

इ. स. १६२ मध्ये ते रोमला गेले. तत्त्वज्ञ यूडीमस यांना तापातून बरे केल्यामुळे त्यांचे नाव उच्च वर्तुळात पोहोचले, तर माजी कॉन्सल फ्लेव्हियस बोईथस यांच्या आश्रयाने त्यांनी जिवंत प्राण्यांवरील जाहीर प्रयोग करून दाखविले. प्रतिस्पर्धी वैद्यांवर ते कठोर व पुष्कळदा अनुदार टीका करीत. त्यामुळे त्यांना शत्रूही अनेक झाले. १६६ मध्ये त्यांनी रोम सोडले. याच सुमारास साम्राज्यात भीषण साथ पसरू लागली होती. तिची लक्षणे गेलेन यांनी नोंदविली असून त्यांवरून बहुतेक इतिहासकार ती देवीची साथ मानतात. सम्राट मार्कस ऑरीलियस व ल्यूशियस व्हीरस यांनी त्यांना उत्तर इटलीतील अक्विलीया येथील लष्करी तळावर बोलावून घेतले. पुढील मोहिमेवर जाण्याचे मात्र अस्क्लेपियसच्या आज्ञेचे कारण देऊन त्यांनी टाळले. त्यानंतर राजपुत्र कॉमोडस यांच्या प्रकृतीची देखभाल त्यांच्याकडे आली आणि उर्वरित आयुष्याचा मोठा भाग त्यांनी रोममध्ये राजवैद्य व ग्रंथकार म्हणून व्यतीत केला.

इ. स. १९२ मध्ये रोमला लागलेल्या मोठ्या आगीत शांतिमंदिर व ‘पवित्र मार्गा’लगतची कोठारे भस्मसात झाली. तेथे ठेवलेली गेलेन यांची हस्तलिखिते, उपकरणे व दालचिनीसारख्या मौल्यवान औषधिद्रव्यांचा साठा नष्ट झाला. हा आघात आपण कसा सोसला याविषयी त्यांनी एक छोटा ग्रंथ लिहिला होता. तो लुप्त झाला असे मानले जात असता २००५ मध्ये ग्रीसमधील थेसालोनायकी येथील व्ह्‌लाटाडॉन मठातील एका हस्तलिखितात त्याची संहिता मिळाली. अरबी परंपरेनुसार गेलेन ८७ वर्षे जगले. त्यावरून त्यांचा मृत्यू सु. २१६ मध्ये झाला असे मानतात.

शरीरविषयक संशोधन : गेलेन यांनी माकडे, डुकरे, बोकड, बैल इ. प्राण्यांचे विच्छेदन केले. मानवी अस्थी पाहण्याची एकही संधी त्यांनी दवडली नाही. पुराने उघड्या पडलेल्या थडग्यातून वाहत आलेला सांगाडा आणि वाटेच्या कडेला पडलेला एका दरोडेखोराचा सांगाडा यांचे परीक्षण केल्याचे त्यांनी आवर्जून सांगितले आहे.

त्यांचे काही प्रयोग आजच्या दृष्टीनेही आदर्श ठरतात. रोहिण्यांत (हृदयापासून निघणाऱ्या रक्तवाहिन्यांत) केवळ वायू असतो, असे एरासिस्ट्राटस यांच्या अनुयायांचे मत होते. गेलेन यांनी जिवंत प्राण्याची रोहिणी दोन ठिकाणी बांधून मधला भाग उघडला व त्यात रक्तच असल्याचे दाखविले. मूत्रपिंडांपासून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नलिका बांधल्या असता मूत्राशय रिकामा राहतो आणि नलिका फुगतात. बंध सोडताच मूत्राशय भरू लागतो, हे दाखवून त्यांनी मूत्राची निर्मिती मूत्रपिंडांत होते हे सिद्ध केले. मेरुरज्जू निरनिराळ्या पातळ्यांवर छेदून प्रत्येक छेदामुळे कोणती हालचाल व कोणती संवेदना नष्ट होते, याची त्यांनी क्रमवार नोंद केली. डुकराच्या मानेतील स्वरयंत्राकडे जाणाऱ्या तंत्रिका (मज्जा) दोऱ्याने आवळताच त्याचे ओरडणे थांबते व दोरा सैल करताच आवाज परत येतो, हा त्यांचा प्रयोग विशेष गाजला. वाणीचे नियंत्रण हृदयाकडे नसून मेंदूकडे असते, हे त्यातून स्पष्ट झाले. मन व बुद्धी यांचे स्थान हृदयात मानणाऱ्या ॲरिस्टॉटल व स्टोइक यांच्या मताला हा प्रत्यक्ष प्रमाणाचा छेद होता.

शरीररचनेच्या ज्ञानाचा चिकित्सेत कसा उपयोग होतो, याचे उदाहरण म्हणून त्यांनी सिरियातून रोमला आलेल्या पॉसेनियस या वक्तृत्वशिक्षकाची हकीकत दिली आहे. त्याच्या हाताची करंगळी, अनामिका व मधल्या बोटाची अर्धी बाजू बधिर झाली होती आणि इतर वैद्य बोटांनाच लेप लावीत होते. पूर्वी तो रथातून पडून त्याच्या पाठीच्या वरच्या भागाला मार बसला होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. बोटांकडे जाणारी तंत्रिका जेथून उगम पावते त्या मणक्याच्या भागी गेलेन यांनी औषध लावण्यास सांगितले व रुग्णाला गुण आला. व्यथा एका ठिकाणी आणि तिचे मूळ अन्यत्र असू शकते, हा विचार त्या काळी क्रांतिकारक होता.

सिद्धांत व चिकित्सा : गेलेन यांची वैद्यकीय उपपत्ती हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील चार देहद्रवांवर आधारलेली होती. रक्त, कफ, पीतपित्त व कृष्णपित्त यांचे योग्य मिश्रण म्हणजे आरोग्य व त्यातील बिघाड म्हणजे रोग, असे ते मानीत. उष्ण, शीत, आर्द्र व शुष्क या गुणांची सांगड या द्रवांशी घालून त्यांनी प्रकृतिभेदांची व औषधिद्रव्यांच्या गुणांची तपशीलवार मांडणी केली. आयुर्वेदातील त्रिदोषांशी या कल्पनेचे वरकरणी साम्य दिसते. परंतु आयुर्वेदात रक्ताची गणना दोषांत न करता सामान्यतः धातूंत होते व वाताला मध्यवर्ती स्थान असते. त्यामुळे दोन्ही पद्धती एकच समजणे योग्य नाही.

अन्नरसापासून यकृतात रक्त तयार होते, ते नीलांवाटे (हृदयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवाटे) शरीरभर पोहोचते व तेथे खर्ची पडते, असे गेलेन समजत. त्यातील काही अंश हृदयाच्या उजव्या निलयातून मधल्या भित्तीतील अदृश्य छिद्रांवाटे डाव्या निलयात झिरपतो व तेथे त्याचा प्राणतत्त्वाशी संयोग होतो, अशी त्यांची धारणा होती. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक ‘अद्भुत जाळे’ असून तेथे हे प्राणतत्त्व अधिक शुद्ध होते, असेही त्यांनी प्रतिपादिले. असे जाळे बैल व मेंढी यांत असते, माणसात नसते. आणि भित्तीतील छिद्रे तर कोणत्याच प्राण्यात दाखविता येत नाहीत. येथे गेलेन यांनी प्राण्यांवरून माणसाविषयी व उपपत्तीवरून वस्तुस्थितीविषयी अनुमान केले होते.

नाडीपरीक्षेवर त्यांनी अनेक ग्रंथ लिहिले. निद्रानाशाने त्रस्त झालेल्या एका स्त्रीची नाडी पाहत असता कोणीतरी पिलॅडीझ या नर्तकाचे नाव घेतले व तिची नाडी एकदम अनियमित झाली. गेलेन यांनी पुढच्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या नर्तकाचे नाव घ्यावयास लावले. नाडीत फरक पडला नाही. पहिले नाव पुन्हा उच्चारताच मात्र ती पुन्हा बदलली. शरीरात विकृती नसून मनाला प्रेमाची व्यथा आहे, हे निदान त्यांनी अशा पडताळणीने केले.

औषधिद्रव्यांची पारख स्वतः करण्यासाठी त्यांनी लेम्नॉस, सायप्रस इ. ठिकाणी प्रवास केला. वनस्पतींपासून तयार केलेल्या अर्क, काढे यांसारख्या औषधांना पाश्चात्त्य औषधिविज्ञानात अद्यापही त्यांच्या नावावरून संज्ञा आहे. तसेच मेण, गुलाबतेल व पाणी यांपासून ते करीत असलेले मलम हे आजच्या ‘कोल्ड क्रीम’चे पूर्वरूप होय.

ग्रंथरचना : गेलेन यांचे लेखन विपुल आहे. इ. स. ३५० पर्यंतच्या उपलब्ध ग्रीक वाङ्‌मयाचा सु. दहावा भाग एकट्या गेलेन यांचा आहे, असा अंदाज केला जातो. लाइपसिक येथे १८२१–३३ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समग्र ग्रंथांच्या आवृत्तीचे २० खंड (२२ भाग) आहेत. अवयवांच्या उपयुक्ततेविषयीचा १७ प्रकरणांचा ग्रंथ, विच्छेदनपद्धतीवरील १५ प्रकरणांचा ग्रंथ, १४ प्रकरणांचा चिकित्सापद्धतीवरील ग्रंथ आणि नैसर्गिक शक्तींवरील ग्रंथ हे त्यांत प्रमुख होत. उत्तम वैद्य हा तत्त्वज्ञही असला पाहिजे, या विषयावरही त्यांचा एक निबंध आहे. त्यांच्या नावावर बनावट पुस्तके विकली जात. रोममधील ग्रंथविक्रेत्यांच्या पेठेत एका जाणकाराने असे पुस्तक पहिल्या दोन ओळींच्या भाषेवरूनच खोटे ठरविले, हा प्रसंग सांगून त्यांनी आपल्या अस्सल ग्रंथांची सूची स्वतःच तयार केली.

अरबी परंपरा : अलेक्झांड्रियात त्यांच्या निवडक १६ पाठ्यग्रंथांचा अभ्यासक्रम रूढ झाला. सहाव्या शतकात रेशायना येथील सर्जियस यांनी त्यांच्या अनेक ग्रंथांचे सिरियाक भाषांतर केले. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक (८०८–७३) यांनी हे कार्य कळसास नेले. एका ग्रंथाच्या अनेक प्रती मिळवून, त्या ताडून शुद्ध पाठ सिद्ध करावयाचा व मगच भाषांतर करावयाचे, अशी त्यांची पद्धती होती. गेलेन यांच्या १२९ ग्रंथांची माहिती त्यांनी नोंदविली आहे. विच्छेदनपद्धतीवरील ग्रंथाची अखेरची प्रकरणे केवळ अरबी भाषांतरामुळेच आज उपलब्ध आहेत.

अरबी पंडितांनी गेलेन यांना (जालीनूस) केवळ जतन केले नाही, तर तपासलेही. अल्-राझी यांनी गेलेन यांच्या मतांवरील शंकांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला व गेलेन यांनीही पूर्वसूरींची अशीच चिकित्सा केली होती, हे आपल्या धाडसाचे समर्थन म्हणून पुढे केले. १२००–०२ मधील ईजिप्तच्या भीषण दुष्काळात कैरोजवळ मानवी सांगाड्यांचे ढीग पडले होते. अब्द अल्-लतीफ अल्-बगदादी यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या पाहून खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा असतो, हे निश्चित केले व या बाबतीत ग्रंथापेक्षा नेत्र अधिक विश्वसनीय ठरविले. कैरो येथील इब्न अल्-नफीस (मृत्यू १२८८) यांनी हृदयभित्तीतील छिद्रे नाकारून रक्त उजव्या निलयातून फुप्फुसांवाटे डावीकडे जाते, असे प्रतिपादन केले. तथापि त्यांचे हे विवेचन दीर्घकाळ विस्मृतीत राहिले व १९२४ मध्ये पुन्हा उजेडात आले. अध्यापनात मात्र इब्न सीना यांनी सुसंबद्ध रीतीने मांडलेले गेलेनीय वैद्यकच प्रमुख राहिले.

यूरोपातील प्रामाण्य व त्याचा ऱ्हास : अकराव्या व बाराव्या शतकांत कॉन्स्टंटाइन द आफ्रिकन, क्रेमोनाचे जेरार्ड इत्यादींच्या लॅटिन भाषांतरांतून गेलेन पश्चिम यूरोपात पोहोचले. विद्यापीठांत प्राध्यापक उच्चासनावरून ग्रंथ वाची व खाली विच्छेदन दुसराच करी. शव आणि ग्रंथ यांत विसंगती दिसल्यास दोष शवाचा मानला जाई. १५२५ मध्ये व्हेनिस येथे मूळ ग्रीक ग्रंथ पाच खंडांत छापले गेले. त्यामुळे गेलेन यांची प्रतिष्ठा वाढली. पण विच्छेदन स्वतःच्या हाताने करावे, हा त्यांचा विसरला गेलेला उपदेशही पुन्हा वाचकांपुढे आला.

हा उपदेश आंड्रेअस व्हेसेलियस यांनी अंमलात आणला. १५४१ मधील गेलेन यांच्या लॅटिन आवृत्तीच्या संपादनात त्यांचा सहभाग होता. मानवी शवांचे विच्छेदन करता करता गेलेन यांची वर्णने पुष्कळ ठिकाणी माणसाची नसून माकडाची आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. १५४३ मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अशा दोनशेहून अधिक चुकांची दुरुस्ती होती. ‘अद्भुत जाळे’ दाखविण्यासाठी आपणही पूर्वी मेंढीचे डोके वापरीत होतो, हे त्यांनी प्रांजळपणे कबूल केले. त्यांचे गुरू सिल्व्हियस यांनी मात्र गेलेन यांच्या काळानंतर मानवी शरीरच बदलले असावे, असा युक्तिवाद केला. गेलेन चुकले असे म्हटल्याबद्दल १५५९ मध्ये लंडनच्या वैद्यमंडळाने जॉन गाइन्स या वैद्याला शब्द मागे घेण्यास भाग पाडले. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले. हृदयातून अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त शरीरातील एकूण रक्तापेक्षा अधिक भरते. ते खर्ची पडत नसून परत फिरत असले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. हृदयातील झडपांविषयी मात्र त्यांनी गेलेन यांचाच आधार आदराने घेतला.

चिकित्सेतील प्रामाण्य याहूनही चिवट ठरले. शिरावेध करून रक्त काढण्याच्या उपचाराचे गेलेन यांनी जोरदार समर्थन केले होते. त्यामागील शरीरक्रियाविषयक उपपत्ती सतराव्या शतकातच ढासळली, तरी उपचार चालूच राहिला. पॅरिसमधील प्येअर ल्वी यांनी रुग्णांची आकडेवारी तपासून १८३५ मध्ये न्यूमोनियातील त्याची उपयुक्तता फार मर्यादित असल्याचे दाखविले. उपपत्ती खोटी ठरल्यानंतरही तिच्यावर आधारलेला उपचार दोन शतके टिकला, याची किंमत असंख्य रुग्णांना मोजावी लागली.

भारतातील संबंध : गेलेन यांचे वैद्यक भारतात मुसलमानी राजवटींबरोबर यूनानी वैद्यकाच्या रूपाने आले. रक्त, कफ, पीतपित्त व कृष्णपित्त यांना त्यात अनुक्रमे दम, बलगम, सफरा व सौदा अशा संज्ञा आहेत. देहद्रवांच्या मिश्रणाला अरबीत ‘मिजाज’ म्हणतात. मराठीतील ‘मिजास’ हा शब्द त्यावरूनच आला आहे. यूनानी वैद्यकाचे शिक्षण भारतात आजही कायदेशीर मान्यतेने दिले जाते.

दुसरा प्रवाह पोर्तुगीजांबरोबर आला. गार्सिया द ऑर्ता हे स्पेनमधील विद्यापीठांत गेलेनीय वैद्यक शिकून १५३४ मध्ये गोव्यास आले. मुंबई बेट काही काळ त्यांच्याकडे पट्ट्याने होते. अहमदनगरचे बुऱ्हाण निजामशाह यांच्यावर त्यांनी उपचार केले व त्यांच्या दरबारातील हकीमांशी चर्चा केल्या. भारतीय औषधिद्रव्यांवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातील रुआनो हे पात्र ग्रीक व लॅटिन ग्रंथांचे दाखले देते, तर ऑर्ता बाजारात, बागेत व रुग्णशय्येजवळ स्वतः पाहिलेले सांगतात. गेलेन यांच्या नावाचे दडपण आपल्यावर येणार नाही, अशी त्यांची स्पष्ट भूमिका आहे. व्हेसेलियस यांच्या ग्रंथानंतर वीस वर्षांनी पश्चिम किनाऱ्यावर छापल्या गेलेल्या या ग्रंथात तोच वैचारिक बदल दिसून येतो.

मूल्यमापन : गेलेन यांचे देहद्रव, प्राणतत्त्व व रक्तनिर्मिती यांविषयीचे सिद्धांत आज केवळ ऐतिहासिक महत्त्वाचे आहेत. मूत्रपिंड, मेरुरज्जू व स्वरयंत्राच्या तंत्रिका यांवरील त्यांचे प्रयोग मात्र कसोटीला उतरले आहेत. जेथे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले तेथे ते बहुधा बरोबर ठरले. जेथे न पाहता उणीव तर्काने भरून काढली तेथे चुकले. त्यांच्या आत्मविश्वासपूर्ण व सर्वस्पर्शी लेखनशैलीमुळे हा भेद वाचकाला सहज जाणवत नाही, आणि त्यांची मते निर्विवाद मानली जाण्याचे ते एक प्रमुख कारण होय. अल्-राझी, अब्द अल्-लतीफ, व्हेसेलियस व हार्वी यांनी हा भेद ओळखला. गेलेन यांचे प्रामाण्य त्यांनी संपुष्टात आणले असले, तरी प्रत्यक्ष पाहून पडताळण्याची त्यांची शिकवण याच टीकाकारांमुळे आधुनिक वैद्यकात टिकून राहिली.